आजोबांच्या ट्रंकेतलं नाणं: कुठलं आहे आणि खरं आहे का?

मळ्यातला_मन्या:
नमस्कार मंडळी. आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, काही महिने इजिप्तला होते म्हणे. त्यांच्या ट्रंकेत चंचीत गुंडाळलेलं एक नाणं सापडलंय. वजन ७.४ ग्रॅम (सोनाराकडे केलं), रुंदी १९ मिमी, पण जाड आहे चांगलं. एका बाजूला दाढीवाला माणूस, डोक्यावर पानांची माळ, भोवती अक्षरं: ए के एम ए वाय पी, मग एन पी ओ बी ओ सी, मग सी ई बी. मागे गरुड, चोचीत गोल हार, बाजूला इंग्रजी एल आणि एक त्रिकोण. इथला एक नाणीवाला म्हणाला क्षत्रपांचं आहे, हजार रुपये देतो. आणि हो, मी दाखवायच्या आधीच आईने अर्धं चिंचेने घासून चकचकीत केलंय 🤦

पुणेरी_चिल्लर:
क्षत्रप म्हणजे आपल्याकडचे जुने शक राजे, ते कसले! त्यांची चांदीची नाणी दोन-सव्वादोन ग्रॅमची. नाशिकजवळ जोगळटेंभीला त्यांच्यातल्या नहपान राजाची १३ हजारांवर नाणी मिळाली ती तशीच, नखाएवढी. त्यांच्यावर पण ग्रीक अक्षरं असतात म्हणून तो फसला असेल, किंवा तुला फसवत असेल. ग्रीक एम ए वाय पी म्हणजे मार्कस ऑरेलियस, रोमचा तत्त्वज्ञ सम्राट, लॉटरी लागली की रे!

खापरखुंटी:
चिल्लरभाऊ दमानं घ्या. ग्रीकमध्ये पी दिसतो तो 'र', तो एन नाही, वर आडवी रेघ असलेला 'प', आणि सी म्हणजे 'स'. वाचा आता: प्रोबोस. हा रोमन सम्राट प्रोबस, इ.स. २७६ ते २८२. मार्कस ऑरेलियस हे त्याच्याही नावात आहे, त्या काळात बऱ्याच सम्राटांच्या होतं, तत्त्वज्ञवाला शंभर वर्षं आधीचा. ए के म्हणजे ऑटोक्रॅटॉर कैसर, 'सम्राट सीझर', सी ई बी म्हणजे सेबास्टोस, रोमनांचा 'ऑगस्टस' हा किताब. नाणं रोमच्या ताब्यातल्या इजिप्तचं, अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीचं, टेट्राड्राख्म (चार द्राख्मांचं नाणं) म्हणतात. आणि मन्या, तो एल इंग्रजी नाहीये, इजिप्तमध्ये वर्ष लिहायची खूण आहे, त्रिकोण म्हणजे डेल्टा, चार. राज्याचं चौथं वर्ष, २७८-७९. वर्ष तिकडे २९ ऑगस्टला बदलायचं. इतकी नेमकी तारीख त्या काळच्या रोमच्या नाण्यावर पण क्वचितच मिळते, म्हणून मला ही नाणी फार आवडतात.

मळ्यातला_मन्या:
बाप रे. म्हणजे साडेसतराशे वर्षं! पण खरं कशावरून? युद्धाच्या वेळी तिकडे फौजींना खोटी नाणी विकायचे असं ऐकलंय. आणि कडेला एक छोटासा उंचवटा आहे, ओतीव वस्तूला राहतो ना तसा. म्हणजे गेलं ना?

खापरखुंटी:
नाही, तिथेच सगळे घाबरतात. अलेक्झांड्रियात कोऱ्या चकत्या साच्यात ओळीने ओतायचे, मग तोडून त्यावर ठशाने छाप मारायचे. म्हणून तो उंचवटा चालतो. खोट्यात छापच ओतलेला असतो: अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, खळग्यांत बारीक बुडबुड्यांचे खड्डे, आणि कडेभोवती पूर्ण फिरणारी रेघ. भिंगाने अक्षरांच्या मुळाशी बघ. मग ऑक्सफर्डच्या रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेजच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये प्रोबस, अलेक्झांड्रिया, वर्ष ४ शोध. ठसा जुळला तर उत्तमच, पण कडेची चीर, छाप सरकलेला, ओरखडा हे सगळंच दुसऱ्या नाण्याशी तंतोतंत जुळलं तर मात्र त्यातलं निदान एक तरी ओतलेलं, म्हणजे खोटं. वजन माप बरोबर बसतंय. चांदी त्या काळात नावालाच उरली होती, घासल्यावर तांबडं दिसलं तर घाबरू नको. चिंचेमुळे जुना थर गेला, तो पुरावाच पुसला गेला एका बाजूचा, दुसरी बाजू तरी आता पाण्याने पण धुऊ नका कृपया.

पुणेरी_चिल्लर:
माझं चुकलं, मान्य 🙏 नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे दाखव हातात देऊन, फोटोवर कोणी छातीठोक सांगणार नाही. आणि बाहेरच्या लिलावाला पाठवायचा विचार करू नकोस, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परस्पर देशाबाहेर नेता येत नाही.

मळ्यातला_मन्या:
विकायचं नाहीच आहे हो. भिंगाने बघितलं, अक्षरांची मुळं धारदार आहेत, बुडबुडे नाहीत, कडेची रेघ पण नाही, नुसती एक चीर आहे. उद्या सकाळी तिरप्या उन्हात फोटो काढून टाकतो. आईला सांगितलं तर म्हणते, मग दुसरी बाजू कशाला घाण ठेवायची. नाणं आता माझ्या कपाटात कुलपात आहे.