कारखान्यातल्या सर्व्हरचा कर्नल आवळावा का?

उद्यमनगरी: कोल्हापूरकडच्या उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावातल्या छोट्या कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. इन्स्टॉल झाल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जसा येतो तसा ठेवू नये, त्याच्या सेटिंग आवळाव्यात, हे माझं ठाम मत. लॅपटॉपपासून डेटा सेंटरपर्यंत सगळीकडं चालावा म्हणून तो सैल ठेवलेला असतो. बिलिंगच्या सर्व्हरवर साध्या युजरला युजर नेमस्पेस, म्हणजे आतल्या आत अ‍ॅडमिन होता येणारा वेगळा कप्पा, कशाला? कर्नलमधला सीव्हीई-२०२२-०१८५ या नोंदणी क्रमांकाचा सुरक्षादोष आठवा. नेमस्पेसच्या आत अ‍ॅडमिनचे हक्क मिळवायचे आणि त्या जोरावर कर्नलच्या मेमरीत हद्दीबाहेर लिहायचं. जिथं मॅक्स_युजर_नेमस्पेसेस ही सेटिंग शून्य होती, तिथं साध्या युजरला ती वाटच नव्हती.

पन्हाळा_रोड: दादा, त्याच वर्षीचा डर्टी पाइप नावाचा दोष? कर्नल ५.८ पासून होता. नुसती वाचायची परवानगी असलेल्या फाईलमध्ये लिहिता यायचं, नेमस्पेस लागतच नव्हती. कर्नल ५.१६.११ किंवा आपल्या कर्नलच्या शाखेसाठी आलेला पॅच, म्हणजे दुरुस्ती, एवढाच उपाय. आपल्याकडं शिफ्ट थांबेल म्हणून सर्व्हर वर्षानुवर्षं रिबूट करत नाहीत. नवा कर्नल डिस्कवर पडून आणि जुनाच चालू! आधी त्यावर बोला की.

उद्यमनगरी: रिबूट हवाच, त्यात वाद नाही. पण दोष कळून पॅच लागेपर्यंत मशीन कशाच्या भरवशावर सोडायचं? डीमेसेज_रिस्ट्रिक्ट १ (कर्नलचे संदेश साध्या युजरला बंद), केपीटीआर_रिस्ट्रिक्ट २ (पत्ते झाकलेले) केलं की कर्नलचे मेमरीतले पत्ते सहज हाती लागत नाहीत. बिलिंगवाल्याला फरक जाणवतही नाही.

लॅब_मॅडम: सर, सरसकट यादी उचलून लावू नका, एवढंच म्हणेन. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुणीतरी पीट्रेस_स्कोप, म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्यात किती डोकवावं ही सेटिंग, २ केली. मुलांनी चुका शोधायच्या जीडीबी या साधनातून स्वतःचाच प्रोग्रॅम सुरू केला तरी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. १ वर तेवढं चालतं आणि आधीच चालू असलेल्या दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावताही येत नाही. लॅबला १ पुरे.

पन्हाळा_रोड: आणि मॉड्यूल्स_डिसेबल्ड, म्हणजे कर्नलला नवे मॉड्यूल (जोडायचे भाग) घेऊच न देणारी सेटिंग? एकदा १ केलं की रिबूटशिवाय मागं येत नाही. हिशेबनीस संध्याकाळी बॅकअपला पेनड्राइव्ह लावतात आणि तो दिसतच नाही, कारण यूएसबीचं मॉड्यूल आधी लोडच नव्हतं. मग रोजचा बॅकअप बुडतो. कारखानदाराला हॅकरइतकंच ते महागात पडतं.

उद्यमनगरी: म्हणून पेनड्राइव्हला लागणारी यूएसबी-स्टोरेज, एक्सफॅट ही मॉड्यूल बूटलाच लोड करायची आणि मग कुलूप लावायचं. एक दिवस पूर्ण काम चालू द्या, एलएसमॉड कमांडनं लोड झालेल्या मॉड्यूलची यादी काढा, त्यावरून ठरवा.

पन्हाळा_रोड: चालतंय. पण ती यादी सर्व्हरपाशी लावून ठेवा भावा, रात्रपाळीवाल्याला कोण सांगणार?