दहा लाख लोकवस्तीत मोटर न्यूरॉन डिसीजचे किती रुग्ण असू शकतात?

प्रश्न (सहवेदना)

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीला गेल्या वर्षी मोटर न्यूरॉन डिसीजचे (स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होण्याचा आजार), त्यातही एएलएस या त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे, निदान झाले. तेव्हापासून ‘हा फार दुर्मीळ आजार आहे’ हे वाक्य आम्ही प्रत्येक दवाखान्यात ऐकत आलो आहोत. अशा रुग्णांची शुश्रूषा करणारी आम्ही काही कुटुंबे आता एकत्र आलो असून, आमच्या सुमारे दहा लाख लोकवस्तीच्या भागासाठी श्वसनयंत्रे, घशातील लाळ-कफ ओढून काढणारी सक्शन मशीन आणि घरी येऊन दिली जाणारी फिजिओथेरपी यांची मागणी प्रशासनाकडे करणार आहोत. त्यासाठी रुग्णसंख्येचा अंदाज द्यावा लागेल, आणि तिथेच घोडे अडले आहे. एका ठिकाणी लाखामागे ५ ते ६ रुग्ण असे वाचले, दुसऱ्या ठिकाणी लाखामागे २, तर तिसऱ्या ठिकाणी दर ३०० माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो असे लिहिले होते. हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे असतील?

शिवाय आमच्याच भागातल्या लाखभर वस्तीच्या एका शहरात एकाच वर्षात पाच जणांचे निदान झाले आहे. तिथल्या पाण्यात काही दोष असावा, असे लोक बोलू लागले आहेत. त्यात कितपत तथ्य असू शकते?

प्रतिसाद (गणनायक)

तिन्ही आकडे खरे आहेत, कारण ते तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. लाखामागे २ हा वर्षभरात नव्याने आजारी पडणाऱ्यांचा दर आहे. लाखामागे ५ ते ६ हे एखाद्या ठरावीक दिवशी हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे आजारपणाचा सरासरी काळ: पहिल्या लक्षणापासून निम्मे रुग्ण साधारण अडीच ते तीन वर्षांत दगावतात, म्हणून दोनाला तिनाने गुणले की सहाच्या आसपास उत्तर येते. हा गुणाकार ढोबळ आहे, कारण सुमारे दहा टक्के रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगतात. स्टीफन हॉकिंग यांचे निदान १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी झाले आणि ते २०१८ पर्यंत हयात होते. असा एक रुग्ण हयातांच्या यादीत पन्नासहून अधिक वर्षे मोजला जातो, पण नव्या रुग्णांच्या यादीत एकदाच.

आता ३०० मध्ये एक. हा दर वर्षीचा छोटा धोका आयुष्यभर साठत जाऊन होणारा एकूण धोका आहे, म्हणून तो इतका मोठा दिसतो. ब्रिटनमध्ये एका वेळी सुमारे ५००० रुग्ण हयात असतात, दररोज सरासरी सहा जणांचे निदान होते आणि जवळपास तितकेच मृत्यू होतात. म्हणजे हयात रुग्णांचा आकडा लहान दिसतो तो आजार कमी लोकांना होतो एवढ्याच कारणाने नव्हे, तर झालेले फार काळ राहत नाहीत म्हणूनही. ‘दुर्मीळ’ हा शब्द ऐकताना मला याच गोष्टीचा सर्वाधिक त्रास होतो, कारण नियोजन करणारे तो ऐकून स्वस्थ बसतात.

तुमच्या दहा लाखांसाठी वर्षाला सुमारे २० नवे रुग्ण आणि एका वेळी ५० ते ६० हयात रुग्ण, असा वरच्या बाजूचा अंदाज धरता येईल. वरच्या बाजूचा म्हणण्याचे कारण असे, की हे दर मुख्यतः युरोपातील, वयस्क लोकसंख्येच्या नोंदींवर आधारलेले आहेत. आजाराचे प्रमाण साठी ते पंचाहत्तरीच्या दरम्यान सर्वाधिक असते, त्यामुळे तरुण लोकसंख्येच्या प्रदेशात ढोबळ दर आपोआप खाली येतो. पूर्व आशियातील दर तर वयाची तफावत काढून टाकल्यावरही युरोपाहून कमी दिसतो, लाखामागे एक किंवा त्याहून थोडा कमी. तेव्हा अर्जात एकच आकडा न देता वर्षाला १० ते २० नवे रुग्ण अशी कक्षा द्यावी.

प्रतिसाद (रुग्णसेविका)

वरील गणिताला माझा आक्षेप नाही. परंतु प्रत्यक्षात नोंदवलेले रुग्ण याहून कमी भरतील, आणि त्याचे कारण मी कामात रोज पाहते. एका बाईंना आधी उजव्या हाताने कुलपात किल्ली फिरवता येईना, मग साडीची पिन लावता येईना. मानेच्या मणक्याचा त्रास समजून कित्येक महिने शेक आणि पट्टा चालला. पुढे अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झाल्याचे आणि दंडाचे स्नायू त्वचेखाली सारखे फडफडत असल्याचे लक्षात आले, तेव्हा कुठे त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवून ईएमजी (स्नायूंतील विद्युत संदेशांची तपासणी) झाली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सुमारे वर्ष जाणे ही जगभरची सर्वसाधारण स्थिती आहे, आणि तेवढा काळ तो माणूस कोणत्याच मोजणीत नसतो. ज्यांची सुरुवात बोलण्या-गिळण्याच्या त्रासाने होते ते बहुतेकदा आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातात, आणि त्यांच्यातला आजार तुलनेने वेगाने वाढतो, त्यामुळे काही जण निदानापूर्वीच जातात.

म्हणूनच भरवशाची मोजणी एका रुग्णालयाच्या नोंदींवरून होत नाही. आयर्लंडमध्ये आणि इटलीच्या पिडमाँट प्रांतात १९९० च्या दशकापासून लोकसंख्येवर आधारित नोंदवह्या चालू आहेत. तिथे मेंदूविकारतज्ज्ञ, रुग्णालयांतील नोंदी, मृत्यूचे दाखले अशा अनेक वाटांनी रुग्ण शोधून एकच माणूस दोनदा मोजला गेला नाही ना, हे तपासले जाते. निरनिराळ्या याद्यांत किती नावे सामाईक आहेत, यावरून कोणत्याच यादीत न आलेल्यांचा अंदाजही काढता येतो.

सहवेदना

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीच्या बाबतीतही अगदी असेच, आधी मानेवर उपचार झाले होते. त्या शहरातल्या पाच रुग्णांविषयी कोणी सांगेल का?

प्रतिसाद (गणनायक)

लाख वस्तीच्या शहरात वर्षाला दोन नवे रुग्ण अपेक्षित आहेत असे धरू. अशी शंभर शहरे घेतली, तर कोणतेही विशेष कारण नसताना एखाद्या वर्षी त्यांपैकी साधारण पाच शहरांत पाच किंवा त्याहून अधिक रुग्ण आढळतील आणि तेरा-चौदा शहरांत एकही आढळणार नाही. ज्या शहरात पाच निघाले तिथे चर्चा होते. ज्या शहरात एकही निघाला नाही तिथे कोणाच्या मनातही काही येत नाही. तुमच्याकडे अपेक्षित दरच एक असेल, तर पाच ही संख्या अधिक लक्षवेधी ठरते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही एका वर्षाच्या आकड्यावरून पाण्याला दोष देता येणार नाही.

खरोखर वाढलेले प्रमाण कसे दिसते, याचे उदाहरण पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाचे आहे. १९५० च्या दशकात तिथल्या चामोरो लोकांमध्ये या आजाराचे प्रमाण इतर जगाच्या पन्नास ते शंभर पट होते आणि ते वर्षानुवर्षे टिकून होते. पुढच्या दशकांत ते उतरत गेले. सायकॅड या झाडाच्या बियांतील विषापासून अनेक शक्यता तपासल्या गेल्या, तरी कारणावर आजही एकमत नाही.

तुम्ही आधी मागच्या पाच-सात वर्षांतील त्या शहराचे सर्व रुग्ण मोजावेत, निदान मेंदूविकारतज्ज्ञांनी पक्के केले आहे का हे पाहावे, आणि पाचांत कोणी रक्ताच्या नात्याचे आहे का, हे विचारावे. पाच ते दहा टक्के रुग्णांमध्ये आजार आनुवंशिक असतो, त्यामुळे एकाच घरातील दोन रुग्णांचा अर्थ वेगळा होतो.

प्रतिसाद (रुग्णसेविका)

अर्जाबाबत एक आग्रहाची सूचना. हयात रुग्णांच्या संख्येवर यंत्रे मागू नका, वर्षभरातील नव्या रुग्णांच्या संख्येवर मागा. आज हयात असलेल्या तीस जणांसाठी यंत्रे मिळाली आणि मंजुरीला दीड वर्ष लागले, तर त्यांतील अनेकांना ती मिळणारच नाहीत, आणि तोवर नवे रुग्ण रांगेत उभे असतील. रात्री मास्क लावून वापरायच्या श्वसनयंत्राने आयुष्य काही महिन्यांनी वाढते, झोपही सुधारते. ते वेळेवर पोहोचले तरच. याच कारणाने उपचार सुधारले की हयात रुग्णांची संख्या वाढेल, तेव्हा दोन वर्षांनी ‘आजार वाढला’ असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे पहिले लक्षण, निदान, श्वसनयंत्र सुरू होणे आणि मृत्यू या चारही तारखांचे रकाने आजपासूनच ठेवा.