नव्या जीन्सचा गुडघा घरीच विरवायचाय, ब्लीच की पॉलिश पेपर?

सातारी_कंदी
मामानं दिवाळीला घेतलेली गडद निळी जीन्स आहे, अजून पाण्यात पडलेली नाही. मांड्या जरा फिकट आणि उजव्या गुडघ्यावर पांढऱ्या धाग्यांची जाळी पाहिजे. पोवई नाक्याला तसली तयार मिळते, पण हिचं माप अंगाला फिट बसलंय. लेबलवर ९८% कॉटन, २% इलास्टेन लिहिलंय. सुरुवात कशानं करू?

रॉयल_कराड
बादलीत ब्लीच ओत आणि बुडव भावा. रंग पाहिजे तेवढा उतरला की वरून व्हिनेगर टाक, थांबतंय लगेच.

शिवणकाकू_सांगली
व्हिनेगरचं मुळीच ऐकू नकोस बाळा. ब्लीचमध्ये आंबट काही पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि ही कामं आपण बाथरूमचं दार लावून करतो. तुझ्या कापडाला तर नुसतं ब्लीचही नको. इलास्टेन म्हणजे ताणणारा रबरी धागा, तो त्यात मरतो, मग गुडघे पोत्यासारखे लोंबतात.

गणपती पेठेजवळ माझं अल्टरेशनचं मशीन आहे. फाटलेली रफू करायला येतात तेही आणि नवी फाडून मागतात तेही. दोघांना रेट सारखाच.

जीन्सचा उभा धागा निळा असतो, आडवा पांढरा. इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, उभ्या धाग्याच्या वरवरच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून घासलं की आपोआप फिकी पडते. आधी एकदा वेगळी धू, जादा रंग जाऊ दे. वाळल्यावर अंगात घालून खुर्चीवर बस, जांघेत चुण्या पडतील त्यांवर खडूनं खुणा कर. गुडघ्याची खूण मात्र उभं राहून, वाटीच्या जरा वर. मग काढून पायात आतून पाट सरकव, नाहीतर मागचं कापड मध्ये येऊन तेही घासलं जातं. १२० नंबरचा पॉलिश पेपर कोरडाच चालव, कडेला त्याहून बारीक २२० चा. खिशाच्या काठाला टाच घासायची वजरी चांगली. मनासारखं दिसायच्या थोडं आधीच थांब, पुढच्या धुण्यात अजून उतरतं.

जाळीसाठी दोन आडवे काप दे, दोन बोटं रुंद, मध्ये इंचभर अंतर. सुईनं पहिला निळा धागा वर उचल, मग भुवयांच्या चिमट्यानं एकेक ओढून काढ. सगळे निळे गेले की पांढरे आडवे तेवढे उरतात. स्ट्रेच जीन्समध्ये रबर त्या आडव्या धाग्यातच असतं, त्यामुळं जाळी जरा आक्रसते. तिच्यावर पेपर फिरवलास तर रबराची टोकं बाहेर येतील. कापाच्या दोन्ही टोकांना मशीनची बारीक टीप मार. घालताना पायाचा अंगठा हमखास त्यात अडकतो, आणि मग भोक टराटरा वाढतं.

विटेकर_माग
ताणा म्हणजे उभा धागा निळा, बाणा म्हणजे आडवा पांढरा. काकूंचं शंभर टक्के बरोबर. घासताना तोंडाला रुमाल बांधा, गच्चीवर बसा, कापसाचा भुगा लई उडतो. कुणाच्या डोक्यात कंप्रेसरनं वाळू मारायचं आलं तर ते मात्र नकोच. कारखान्यांत जीन्सवर वाळूचा मारा करून कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार झाला, म्हणून तुर्कीनं २००९ मध्ये त्यावर बंदी घातली.

सातारी_कंदी
काकू, डाव्या मांडीवर १२० नं घासतोय, पण लांब पांढऱ्या रेघा उठतायत. भुगा तर खरंच चहाच्या कपात गेला.

शिवणकाकू_सांगली
बोटांनी दाबतोयस, म्हणून. पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळ, हात हलका ठेव. आता १२० बाजूला ठेव, रेघांच्या दोन्ही बाजूंनी २२० फिरव म्हणजे त्या आजूबाजूत मिसळतील. ठोकळा बाजूच्या शिवणीवर चढवू नकोस, तिथला दोरा झिजला की पाय खालपर्यंत उसवत जातो.