कोपऱ्यातला उजेड: अल्ट्रावाइड मॉनिटर घ्यायचा तर कुठून, आणि खोट निघाली तर किती भांडायचं?

मांजराकाठ (लातूर)

राम राम मंडळी. दिवाळीनंतर ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद मॉनिटर, घेतला. आयपीएस जातीचं पॅनल (पडदा), ३४४० × १४४० पिक्सेल (ठिपके), १६५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं, वाकडी काच. दुकानापेक्षा चार हजारानं स्वस्त पडायला म्हणून ऑनलाइन मागवला. आज टेबलावर आहे तो तिसरा पीस.

पहिल्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजेड झिरपायचा. पत्र्याच्या दाराच्या फटीतून सकाळचं ऊन घरात येतं ना, अगदी तसा. तो बदलून दुसरा आला, तर त्याच्या बरोबर मधोमध एक हिरवा पिक्सेल अडकलेला, सतत पेटलेलाच. तिसऱ्याचे परत दोन कोपरे उजळ: उजवा वरचा आणि डावा खालचा. कंपनीचा माणूस आला भर दुपारी. खिडकी उघडी, ट्यूब चालू. मोबाइलवर एक फोटो काढला, "स्पेकमध्ये आहे" (म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेत) म्हणाला आणि चहा पिऊन गेला. आता चौथा मागितला तर "पॉलिसीत बसत नाही".

माझं मत झालंय की आपल्या मराठवाड्यात अल्ट्रावाइड ऑनलाइन घेऊच नये. चार पैसे जास्त गेले तरी गावातल्या दुकानात डबा फोडायचा, अंधारात लावून बघायचा आणि मगच उचलायचा. वाचवलेले चार हजार मी डबे बांधण्यात, फोनवर ताटकळण्यात आणि रजा टाकण्यात घालवले. पटत नसेल त्यांनी खुशाल बोला.

पैठणगेट_०७ (संभाजीनगर)

पटत नाही. कोणतं दुकान डबा फोडून दाखवायलंय? मी इथं चार दुकानं फिरलो. दोघांकडं अल्ट्रावाइड डिस्प्लेला सुद्धा नव्हता, "ऑर्डर द्या, दोन दिवसांत मागवतो" म्हणाले. तिसऱ्यानं काउंटरमागची पाटी दाखवली, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". चौथ्यानं भाव ऐकून मलाच विचारलं की इतका लांब मॉनिटर कशाला लागतो.

तुम्हाला निदान दोनदा बदलून तरी मिळाला. दुकानातून घेतला असता तर पहिल्याच पीसवर जन्म काढावा लागला असता.

सोयाबीन_आणि_शेडर (परभणी)

दुकान की ऑनलाइन हे नंतर बघू. आधी एक सांगा, तुम्हाला ब्लीड दिसायलंय की ग्लो? निम्मी भांडणं इथंच फुकट जातात.

ब्लीड म्हणजे मागच्या दिव्याचा उजेड कडेनं बाहेर पडणं. फ्रेम काचेला कुठं जास्त दाबते, कुठं कमी, त्यातून होतं. वाकवलेल्या पॅनलला कोपऱ्यात ताण असतो, म्हणून तिथं जास्त. ग्लो वेगळा. तो आयपीएसचा जातिस्वभाव आहे. काळं चित्र तिरकं बघितलं की ते धुरकट चांदीसारखं चमकतं. ३४ इंची मॉनिटर समोर दोन फुटांवर असला की चारही कोपरे तुम्ही तिरकेच बघता. मग ग्लो दिसणारच.

पारख सोपी आहे. रात्री खोली पूर्ण काळी करा. ब्राइटनेस रोज वापरता तेवढाच ठेवा, शंभरावर नेऊन बघू नका. पूर्ण पडदा काळा करा आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडं, वर-खाली हलवा. चार पावलं मागंही जा. डाग तुमच्याबरोबर सरकला किंवा मागं गेल्यावर विरला तर ग्लो. जागचा हलला नाही तर ब्लीड.

आणि कृपा करून मोबाइलचा फोटो पुरावा म्हणून टाकू नका. अंधारात फोन स्वतःच एक्स्पोजर वाढवतो, मग चांगला मॉनिटरही पेटल्यासारखा दिसतो. कंपनीच्या माणसानं उजेडात फोटो काढून खोट लपवली आणि तुम्ही अंधारात काढून ती फुगवली, दोघंही सारखेच.

मांजराकाठ

शेवटचं वाक्य झोंबलं, कारण मी तेच केलं होतं.

काल रात्री साडेअकराला बघितलं. खिडकीला सतरंजी लावली, राउटरच्या दिव्यावर रुमाल टाकला. बायको दारातून म्हणाली, "पूजा मांडली का काय?" उजव्या वरचा डाग डोकं हलवलं की सरकतो, मागं गेलो की जातो. म्हणजे ग्लो, माझी चूक. डाव्या खालचा मात्र हलत नाही. चार बोटं रुंद, पिवळट, कडेला घट्ट आणि आत येता येता पातळ. निम्मी तक्रार मागं घेतो. निम्मी ठेवतो.

पैठणगेट_०७

चार बोटांसाठी तीन डबे. खेळताना दिसतं का ते सांगा.

मांजराकाठ

दिवसाच्या सीनमध्ये नाही. गुहेत, रात्रीच्या रस्त्यावर आणि सिनेमाच्या काळ्या पट्टीवर दिसतं. आणि एकदा दिसलं की परत परत तिकडंच लक्ष जातं, दातात अडकल्यावर जीभ जाते तसं.

जालन्याची_भट्टी

म्हणून म्हणतो व्हीए घ्या, पॅनलची दुसरी जात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१ किंवा वर. रात्र रात्रीसारखी दिसते. माझा ३४ इंची व्हीए २७ हजारात आला, कोपरे गुळगुळीत काळे. आयपीएसवाल्यांनी दुप्पट पैसे देऊन राखाडी अंधार विकत घ्यायचा आणि वर ब्लीड की ग्लो याचा अभ्यास करायचा, हे मला कधी कळलंच नाही.

सोयाबीन_आणि_शेडर

भट्टीदादा, स्मिअरचं पण सांगा की. व्हीएला गडद रंगातून जरा कमी गडद रंगात यायला वेळ लागतो. अंधाऱ्या सीनमध्ये कॅमेरा फिरवला की प्रत्येक काळ्या वस्तूमागं काजळीचा माग उमटतो. शिवाय फ्रेमरेट (गेमची सेकंदाला किती चित्रं) खालीवर व्हायला लागला की व्हीआरआर (मॉनिटरचा वेग गेमशी जुळवायची सोय) चालू असताना लुकलुक होते, लोडिंगच्या पडद्यावर तर हमखास. ओलेड या तिसऱ्या जातीलाही ती होते, पण तिथं निदान स्मिअर नाही.

जालन्याची_भट्टी

स्मिअर आहे, नाही कुठं म्हणालो? पण मला गाड्या पळवायच्यात, अंधारात नेम धरायचा नाही. आणि एक गंमत: लिक्विड क्रिस्टल गरम झालं की चपळ होतं. आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात व्हीए असा पळतो की विचारू नका. तुमच्या परभणीच्या थंडीत सकाळी सहाला लावाल तर शिव्याच द्याल.

सोयाबीन_आणि_शेडर

हे मात्र खरं आहे. डिसेंबरात पहिली पंधरा मिनिटं मॉनिटर तापवायची असतात, जुन्या जीपसारखी.

गंगाखेड_एक्स्प्रेस

ओलेड घ्या, भांडण मिटवा. प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो, मागं दिवाच नाही, मग ब्लीड कुठून येणार?

गोदातीर (नांदेड)

ओलेडचं इतकं सरळ नाही. माझ्याकडं दीड वर्ष ३४ इंची क्यूडी-ओलेड (ओलेडचीच एक पोटजात) आहे. दिवसा हिशेबाचं काम, रात्री गेम. या जातीचा पहिला अल्ट्रावाइड एलियनवेअरचा, २०२२ चा. त्याच्याबरोबर तीन वर्षांची वॉरंटी आली आणि तिच्यात बर्न-इनही (एकच चित्र फार वेळ राहून पडद्यावर त्याचा कायमचा ठसा उमटणं) धरलं होतं. म्हणून लोकांची भीड चेपली. पण प्रत्येक कंपनी बर्न-इन धरतेच असं समजू नका, घेण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. मी टास्कबार लपवून ठेवते आणि वॉलपेपर काळा.

मराठी वाचणाऱ्यांना एक वेगळाच त्रास आहे आणि तो कुठल्या इंग्रजी रिव्ह्यूत सापडणार नाही. माझ्या क्यूडी-ओलेडमध्ये लाल, हिरवा, निळा ठिपका एका ओळीत नसतो, त्रिकोणात असतो. त्यामुळं आडव्या रेघेच्या वरच्या कडेला हिरवट आणि खालच्या कडेला गुलाबी झाक येते. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा तुकड्यातुकड्यानं असतात, चालून जातं. आपल्या लिपीत शिरोरेषा! पांढऱ्यावर काळं मराठी पान उघडलं की प्रत्येक ओळीच्या डोक्यावर गोंड्याची किनार. झूम वाढवला की कमी होतं. गेममध्ये काहीच जाणवत नाही.

दुसरं, खिडकीतून ऊन येत असेल तर या पॅनलचा काळा रंग जांभळट राखाडी होतो. आमच्या घरात दुपारी पडदा ओढल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत.

गंगाखेड_एक्स्प्रेस

शिरोरेषेचं डोक्यातच आलं नव्हतं ताई. मी तर फक्त गेम बघतो.

२७_पुरे (धाराशिव)

मला हा सगळा खटाटोपच कळत नाही. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच असते, फक्त बाजू वाढतात. २५६० × १४४० म्हणजे ३७ लाख पिक्सेल, अल्ट्रावाइड म्हणजे जवळपास ५० लाख. एक तृतीयांश जास्त ओझं त्याच ग्राफिक्स कार्डावर. एवढं करून व्हॅलोरंट हा गेम लावला तर बाजूला काळ्या पट्ट्या. एल्डन रिंगमध्येही तेच. प्लेस्टेशन ५ जोडला तरी तेच. म्हणजे ज्या कोपऱ्यांसाठी पैसे मोजले तिथं काळा रंग, आणि काळ्यात तुमचं ते ब्लीड!

मांजराकाठ

हसलो. पण २७ वर ट्रकचा गेम खेळून बघा आणि मग ३४ वर. दोन्ही आरसे मान न हलवता दिसतात. आमचे तात्या ट्रक चालवायचे, हैदराबाद लाइनला. त्यांना एकदा बसवलं समोर, काही बोलले नाहीत, फक्त डावा हात गिअर शोधत मांडीजवळ गेला.

पैठणगेट_०७

बरं, तात्यांचा मुद्दा मान्य. दुकानाचा नाही.

काउंटरमागून

मी दुकानदारच आहे. गाव सांगत नाही, पण याच आठ जिल्ह्यांतला. दोघांनी आम्हाला झोडपलं म्हणून लिहितो.

डबा का फोडत नाही? सील तुटलं की डिस्ट्रिब्युटर परत घेत नाही. गिऱ्हाईक "डाव्या कोपऱ्यात पिवळं दिसतंय" म्हणून निघून गेलं की तो पीस माझ्या अंगावर. महिन्याला एखादा अल्ट्रावाइड विकला जातो. एक अंगावर बसला की पाच विकून जे मिळतं ते गेलं. ऑनलाइनवाल्याला असे शंभर परत आले तरी तो पचवतो.

भाव मात्र आता पहिल्याएवढा चढा नाही. ३२ इंचावरच्या मॉनिटरला २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. जुना भाव अजून कुणी सांगत असेल तर बिल दाखवा म्हणा.

गोदातीर

तुमची अडचण समजते भाऊ, पण पाटीचं काही खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत.

आणि मांजराकाठदादा, "स्पेकमध्ये आहे" हे तोंडी ऐकून घ्यायचं नाही. कोणत्या स्पेकमध्ये, ते मेलवर लिहून मागायचं. पिक्सेलसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२४१-३०७. त्यात वर्ग आहेत. वर्ग ० म्हणजे एकही खोट नको. खालच्या वर्गांत दर दहा लाख पिक्सेलमागं काही चालतात, आणि तुमच्याकडं पन्नास लाख आहेत, म्हणजे ते "काही" पाचपट. कंपनी कोणता वर्ग पाळते ते विचारा. कोपऱ्यातल्या उजेडाला असा आकडा वॉरंटीच्या कागदात बहुधा नसतोच, म्हणून तिथं त्यांचा माणूस म्हणेल तेच स्पेक होतं. लेखी मागितलं की सूर बदलतो, माझ्या आधीच्या मॉनिटरच्या वेळी दोन मेलमध्ये बदलला होता. नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथंच दाखल करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही.

पैठणगेट_०७

आणि तारखा? चार बोटं उजेडासाठी आयोगात कोण जाणार? तिथं बियाणं उगवलं नाही म्हणून आलेला माणूस शेजारी बसलेला असेल. मला तरी लाज वाटेल.

गोदातीर

लाज कंपनीला वाटू द्या. बियाण्याचा असो की मॉनिटरचा, पैसे पूर्ण घेतले ना?

धूळपेर

विषय सोडून विचारतो, माफ करा. माझा १६५ हर्ट्झचा मॉनिटर १०० हर्ट्झवरच अडकलाय. खोटच का?

सोयाबीन_आणि_शेडर

एचडीएमआय लावलाय ना? २.० असेल तर या रिझोल्यूशनला १०० च्या आसपासच थांबतो. डब्यात पातळ पिशवीत डिस्प्लेपोर्टची केबल असेल, ती लावा.

धूळपेर

होती!! आठ महिने पिशवी फोडलीच नव्हती.

काउंटरमागून

गोदातीरताईंनी कायदा सांगितला तर मी पण एक सांगतो. डबा फोडून बघायचंय ना, बघा. पूर्ण पैसे आधी द्या. मेलेला किंवा अडकलेला पिक्सेल निघाला तर तो पीस माझा. हलत नाही असा डाग निघाला तरी माझा. पण डोकं हलवल्यावर सरकतो तो तुमचा, त्यावर वाद नाही. हे बिलाच्या मागं लिहून देतो. परभणीवाल्यांनी पारख सांगितली म्हणून हे जमतंय, नाहीतर प्रत्येकाचं "दिसतंय" वेगळं.

पैठणगेट_०७

असं लिहून देणार असाल तर माझा विरोध संपला. गाव तेवढं सांगा.

मांजराकाठ

अपडेट. मेल टाकला, "कोणत्या स्पेकमध्ये" एवढंच विचारलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: बदलून नाही, पैसे परत. डबा काल गेला.

आज गंजगोलाईजवळच्या एका ओळखीच्या दुकानात बिलामागच्या अटीचा हा मजकूर मोबाइलवर दाखवला. मालकानं दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पीस बुधवारी येतोय. रात्री नऊला या, शटर खाली ओढून बघू. सतरंजी तुमची आणा."