सी मध्ये आयपी/प्रिफिक्स पार्स करतोय, मास्क गंडतोय

सी मध्ये छोटी अलाऊलिस्ट (परवानगी असलेल्या ॲड्रेसची यादी) लिहितोय, कॉन्फिगमधून १०.०.०.०/८ अशा ओळी वाचायच्या (स्लॅशनंतरचा आकडा म्हणजे प्रिफिक्स, सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते) आणि आलेला आयपी त्यात बसतो का बघायचं. स्लॅशवर तोडून आधीचा भाग इनेट_पीटॉनला (ॲड्रेसची स्ट्रिंग बायनरी करणारं फंक्शन) देतो, नंतरचा एटीओआयला (स्ट्रिंगचा आकडा करणारं), मग सगळे एक असलेला ३२ बिटचा आकडा (३२ वजा प्रिफिक्स) इतका डावीकडे शिफ्ट केला की झाला मास्क (जुळवायचे बिट तेवढे ठेवणारा आकडा), तो थेट एस_ॲड्रशी (पीटॉनने भरलेला ३२ बिटचा ॲड्रेस) अँड. /३२ चालतं, पण १९२.१६८.१.०/२४ मध्ये १९२.१६८.१.५ बसत नाही आणि १०.१६८.१.० मात्र आरामात आत येतो! ०.०.०.०/० मध्ये तर कोणीच बसत नाही. कंपायलरची एक वॉर्निंग नाही.

उत्तर १
बाइट ऑर्डर, म्हणजे आकड्याचे बाइट मेमरीत कुठल्या क्रमाने. पीटॉन नेटवर्क ऑर्डरमध्ये (मोठा बाइट आधी) भरून देतं, तुझा मास्क होस्ट ऑर्डरमध्ये (मशीनचा स्वतःचा क्रम) आहे. मशीन लिटल एंडियन (लहान बाइट आधी) असणार, म्हणून मास्कमधली शून्यं शेवटच्या ऑक्टेटऐवजी (ॲड्रेसच्या चारपैकी एक आकडा) पहिल्यावर पडली, म्हणूनच १९२ आणि १० त्याला सारखेच. दोन्ही ॲड्रेसना आधी एनटीओएचएल (नेटवर्क ऑर्डरचं होस्ट ऑर्डर करणारं फंक्शन) लाव.

उत्तर २
आणि /० चं वेगळंच, ३२ बिटच्या व्हॅल्यूला ३२ ने शिफ्ट करणं सी मध्ये अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय निघेल ते भाषेने ठरवलेलंच नाही. एक्स८६ (इंटेल-एएमडीवाले प्रोसेसर) शिफ्टच्या आकड्याचे खालचे ५ बिटच बघतो म्हणजे ३२ चं झालं ०, मास्क होता तसाच राहिला, /० चं /३२ झालं. पण त्यावर विसंबू नको, ऑप्टिमायझेशन चालू केलं की दुसरंच काही होऊ शकतं. प्रिफिक्स शून्य असेल तर मास्क शून्य, सरळ इफ टाक.

उत्तर ३
थांबा, /० दुरुस्त करायच्या आधी एटीओआय काढ!! त्याला "एबीसी" दे नाहीतर रिकामी स्ट्रिंग, शून्यच परत येतं. म्हणजे कोणी चुकून १०.०.०.०/ लिहून पुढचा आकडा विसरला तर अख्खं इंटरनेट अलाऊड, सध्या तुझा शिफ्टचा बगच तुला वाचवतोय 😄 स्ट्रटॉल (तेही स्ट्रिंगचा आकडा करतं) बरं, पण तेही सुरुवातीची स्पेस आणि अधिक-वजा चिन्ह खपवून घेतं. एक किंवा दोनच अंक, ३२ पर्यंत, बाकी सगळं रिजेक्ट, हे हातानेच लिही, चार ओळी होतात.

प्रश्नकर्ता
एनटीओएचएलने /२४ चाललं, बाकीचंही करतो. पीटॉनऐवजी एटॉन (इनेट_एटॉन, जुनं फंक्शन) सोपं नाही का? आणि आयपीव्ही६ चं काय?

उत्तर ३
एटॉन नको, ते १०.१ ला १०.०.०.१ समजतं आणि ०१० ला ऑक्टल (आठच्या पायाचा आकडा) धरून ८ करतं. व्ही६ ला १६ बाइट्सचा ॲरे येतो, प्रिफिक्स भागिले ८ इतके बाइट्स मेमसीएमपीने (बाइट्सची तुलना करणारं फंक्शन) जुळव, उरलेल्या बिट्ससाठी पुढच्या एकाच बाइटवर मास्क. बाकी शून्य उरली तर तो पुढचा बाइट वाचूच नको, /१२८ ला तो ॲरेच्या बाहेर आहे.