डोक्याला मार लागल्यापासून भाऊ पार बदललाय, सीटी स्कॅन तर नॉर्मल आहे. काय करू?

विजापूररोडकर:
धाकटा भाऊ १९ चा आहे, मित्रांसोबत गावाबाहेर माळावर मातीचे रॅम्प करून डर्ट बाईकच्या उड्या मारतो. मागच्या महिन्यात पडला, हेल्मेट होतं, पण पडल्यानंतरचं बराच वेळ काही आठवतच नव्हतं त्याला. सीटी केला, नॉर्मल म्हणाले, घरी पाठवलं. तेव्हापासून उजेड नको, आवाज नको, रात्रभर जागा आणि कधी आईपुढे तोंड वर न करणारा पोरगा आता ताट ढकलून उठायलाय. परवा म्हणाला "माझं काय राहिलंय आता". पप्पा म्हणतात नाटकं आहेत, कामाला लावा. त्यात त्याने डेव्ह मिरा या सायकल स्टंटवाल्या खेळाडूबद्दल वाचलंय, म्हणतो मलापण तोच आजार झालाय.

पार्कचौक_फिजिओ:
नाटकं नाहीत ही. सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन, म्हणजे मार बसून मेंदू हादरणं, बहुतेक वेळा दिसतच नाही. हेल्मेट कवटी वाचवतं पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. चिडचिड, झोप उडणं, उदास वाटणं ही सगळी त्या माराचीच लक्षणं असू शकतात.
मिराचं म्हणाल तर बीएमएक्सचा (छोट्या सायकलवरच्या उड्या-कसरतींचा) एवढा मोठा खेळाडू २०१६ मध्ये ४१ व्या वर्षी आत्महत्येने गेला आणि नंतर मेंदू तपासल्यावर सीटीई (वारंवार मार बसून मेंदू हळूहळू खराब होण्याचा आजार) निघाला, ॲक्शन स्पोर्ट्समधली ती पहिली केस. पण त्याचं आयुष्य बघा ना, कितीतरी वर्षं पडणं, १९९३ मध्ये दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने उडवलं तेव्हा कवटी फ्रॅक्चर, पुढे बॉक्सिंग. सीटीई वर्षानुवर्षं डोक्याला मार बसत राहिलेल्यांत सापडतो, आणि त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. एकदा पडलेल्या पोराने स्वतःला ते लेबल लावू नये. कन्कशनमधून बहुतेक लोक बरे होतात, हे त्याला आधी सांगा.

तालीमवाला:
गाडीची चावी काढून घ्या राव. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. आमच्याकडं तालमीतपण पोरं घेरी आली तरी तोंडावर पाणी मारून परत मातीत उतरतात आणि वस्ताद शाब्बास म्हणतात, हे बघून जीव तुटतो माझा.

सातरस्ता_ताई:
बाकी सगळं बाजूला ठेवा, "काय राहिलंय" हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतंय. कॅनडात ऑन्टारिओमध्ये कन्कशन झालेल्या लोकांचा मोठा अभ्यास झालाय, २०१६ चा, त्यात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे तिप्पट निघालं. बहुसंख्य लोकांना तसं काही होत नाही, पण वाट बघत बसायचं नाही. त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मोकळं होतं माणूस. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली औषधं, फवारणीचं काही असेल ते आजच हलवा आणि सरळ सिव्हिलला न्या. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

विजापूररोडकर:
ताई, विचारलं काल रात्री गच्चीवर. येतात म्हणाला, आणि खूप रडला. १४४१६ लापण बोललो दोघं. मी रात्रभर सोबतच होतो, औषधांचा डबा शेजारच्या काकूंकडं ठेवलाय. आत्ता सिव्हिलला निघालोय, आधी मानसोपचार, मग न्यूरोवाल्यांना दाखवतो. पप्पापण येतायत, फिजिओ दादांचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. तिथं उजेड आणि गर्दी सहन होत नसेल तर गॉगल घालून नेला तर चालेल का?

पार्कचौक_फिजिओ:
चालेल, टोपीपण घाला. गाडीवर मागे बसवू नका, रिक्षा करा. पडल्यानंतर किती वेळ आठवत नव्हतं, उलटी झाली होती का, हे आधीच कागदावर लिहून न्या, तिथं गडबडीत राहून जातं.