मदत हवी आहे: नमनाच्या वगात कोणता शब्द ठेवू?

मंडळी, गुहागरकडच्या आमच्या वाडीच्या नमनासाठी (कोकणातलं लोकनाट्य) यंदा वग, म्हणजे त्यातला नाट्यभाग, मी लिहितोय. त्यात मुंबईहून गावी परतलेली एक तृतीयपंथी व्यक्ती आहे, आणि ते पात्र हशा पिकवायला नाही. घोडं अडलंय शब्दावर.

'छक्का' सरळ कापला, ती शिवीच. (गवळणी झालेल्या पोरांना प्रेक्षकांतून हीच हाक येते, तो वेगळाच ताप.) पण 'हिजडा'चं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात तो समाजाचं नाव म्हणून येतो, त्यांच्यातले काही स्वतःही तसंच म्हणवतात. आमच्याकडे मात्र भित्र्या पुरुषाला हिणवायला वापरतात. 'किन्नर' हिंदी वाटतो, 'पारलिंगी' (ट्रान्सजेंडरसाठीचा मराठी शब्द) आमच्या म्हाताऱ्यांना कळायचा नाही. 'तृतीयपंथी' सरकारी, पण त्यातल्या त्यात बरा.

पात्राने स्वतः 'हिजडा' म्हणणं चालेल? आणि वगातल्या खोताने त्याला तसं म्हटलं तर? तिथे नेमक्या टाळ्या पडतील, अशी धास्ती आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात शाब्दिक छळालाही शिक्षा आहे. नाटकातला संवाद त्यात मोडतो का? कुणी वकील असेल तर सांगा. त्या समाजातलं कुणी इथे असेल तर तुमचं मत आधी हवंय. दिवाळीनंतर तालमी सुरू होतायत.